शेवटची पाळी कधी आली होती?

माझ्या ओपीडीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न हाच विचारते. गेली सव्वीस वर्षं विचारते आहे. तारीख आठवत नसेल तर थोडी रागावतेही. "अहो, कॅलेंडरवर खूण करून ठेवत जा की!" हे माझं वाक्य साताऱ्यातल्या बऱ्याच बायकांना पाठ असेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला हाच प्रश्न मला विचारला गेला आणि मला उत्तर देता आलं नाही. विचारणारे होते आमचे पशुवैद्य, आणि टेबलावर आडवी पडली होती आमची टिकली. "मॅडम, हिची शेवटची हीट कधी होती?" मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. शेवटी घरी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं उलटली, आणि दुधाचा हिशेब व गॅस सिलिंडरच्या तारखा यांच्या गर्दीतून शोधून सांगितलं, "हरतालिकेला सुरू झालं बघ. मी लाल पेनानं टिंब दिलंय."

हरतालिका ते पाडवा म्हणजे आठ आठवडे. पशुवैद्यांनी नुसती मान हलवली. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं.

टिकलीची आई लॅब्राडोर, वडील अज्ञात. रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. दोन महिन्यांची असताना घरात आली. सहा महिन्यांची झाली तेव्हा पशुवैद्यांनी नसबंदीचा विषय काढला होता. वाढत्या अंगाची आहे, वर्षभराची होईपर्यंत थांबलं तरी चालेल, पण नंतर करून टाका, असं त्यांचं म्हणणं. मी 'हो, बघू' म्हणाले. पुढची सहा वर्षं मी बघतच राहिले.

खरं सांगायचं तर माझ्या मनाला ते ऑपरेशन पटत नव्हतं, आणि त्याला कारण माझा व्यवसाय. आपण 'नसबंदी' म्हणतो म्हणून लोकांना वाटतं, बायकांसारख्या फक्त नळ्या बांधत असतील. तसं नाही. कुत्रीचे दोन्ही बीजांडकोष काढतात आणि बहुतेक वेळा गर्भाशयही. बाईचे बीजांडकोष कमी वयात काढले तर काय होतं हे मी रोज पाहते: हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ बीजांडकोष वाचवायला धडपडतो. मग वर्षाच्या पोरीचे धडधाकट बीजांडकोष काढून टाकायचे?

त्यात सासूबाईंचा आग्रह, "एक बाळंतपण तरी होऊ दे तिचं. बाईच्या जातीला बरं असतं ते." मी हसले, पण आत कुठेतरी मान डोलावली. लवकरच्या वयातलं बाळंतपण आणि स्तनपान यांमुळे बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे खरंच आहे. आणि तिसरा विचार असा की होईल आणखी काही वर्षांनी रजोनिवृत्ती, मग प्रश्नच मिटला.

तिन्ही गोष्टी बाईच्या बाबतीत खऱ्या आहेत. टिकली बाई नव्हती.

त्या दिवाळीत वसुबारसेपासून ती गप्प गप्प होती. पलंगाखाली जाऊन बसायची. आम्ही म्हटलं, फटाक्यांना घाबरली. जेवण टाकलं, तर म्हटलं, फराळावर डल्ला मारला असणार, पोट बिघडलंय. (चिवड्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हे जाता जाता सांगून ठेवते. दिवाळीत डबे उंच ठेवा.) पाणी मात्र ती भांडंच्या भांडं संपवत होती आणि रात्री दोनदा घरात शू केली. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी डॉक्टर म्हणून विचार करत होते तो मधुमेहाचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उलट्या झाल्या. पाडव्याला सकाळी ती उठेना. पोट ताणलेलं दिसत होतं आणि हिरड्या फिक्या पडल्या होत्या.

पशुवैद्यांनी सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. स्क्रीन माझ्या ओळखीची होती, चित्र नव्हतं. कुत्रीचं गर्भाशय आपल्यासारखं एका पिशवीचं नसतं, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं असतं. एका छोट्या देठावर दोन लांब शिंगं, कारण तिला एका वेळी सात-आठ पिल्लं वाढवायची असतात. निरोगी कुत्रीत ही शिंगं पेन्सिलीएवढी बारीक असतात. टिकलीच्या पोटात ती मनगटाएवढी फुगली होती आणि आत गढूळ द्रव हलत होता.

"पायोमेट्रा," ते म्हणाले. गर्भाशयात पू.

हा शब्द मला परका नव्हता. आमच्याकडेही पायोमेट्रा होतो, पण क्वचित, आणि बहुतेक वयस्कर बायकांना, गर्भाशयाचं तोंड आक्रसल्यावर किंवा तिथे कर्करोग असल्यावर. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी बोटावर मोजण्याइतके पाहिले असतील. मी म्हटलंही, "असं क्वचितच होत असेल ना?" ते म्हणाले, "मॅडम, या महिन्यातली ही माझी चौथी."

स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे तिथे याची नीट आकडेवारी मिळते. ऑपरेशन न केलेल्या कुत्रींपैकी वयाच्या दहा वर्षांपर्यंत साधारण चार-पाचातल्या एकीला पायोमेट्रा होतो. हे का होतं ते समजून घ्यायचं तर कुत्रीची हीट म्हणजे काय हे आधी समजायला हवं. मीही ते त्यानंतरच नीट वाचलं.

हीट म्हणजे पाळी नव्हे. रक्त दिसतं म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. आमच्या सासूबाई तर पहिल्या वेळी "चार दिवस बसू दे तिला बाजूला" म्हणाल्या होत्या. बाईच्या शरीरात आधी बीज सुटतं, मग साधारण चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वर राहतं, गर्भ राहिला नाही की ते खाली येतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. ती पाळी. म्हणजे आपलं रक्त ही एका चक्राची अखेर. कुत्रीचं रक्त ही सुरुवात आहे. इस्ट्रोजेन वाढतं, रक्तवाहिन्या भरतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. अस्तर गळत नाही. बीज अजून सुटायचंच असतं.

पहिले साधारण नऊ दिवस शूची जागा सुजते, थेंब थेंब रक्त जातं. गल्लीतले कुत्रे फाटकाबाहेर जमतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढच्या साधारण नऊ दिवसांत स्राव फिकट होतो, ती शेपूट बाजूला घेऊन उभी राहते आणि तेव्हा नराला स्वीकारते. दोन्ही टप्पे तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कितीही लांबू शकतात. इथेच लोक फसतात. रक्त थांबलं म्हणून फाटक उघडतात, आणि गर्भ राहण्याचे दिवस नेमके तेव्हाच असतात. शिवाय नराचं बीज तिच्या शरीरात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतं. रक्त दिसल्यापासून किमान तीन आठवडे पट्टा आणि नजर दोन्ही घट्ट ठेवायची. तिला घातलेल्या चड्डीने फरशी स्वच्छ राहते, एवढाच तिचा उपयोग.

पहिली हीट लहान चणीच्या कुत्रींना सहा-सात महिन्यांतही येते, मोठ्या जातींना दीड-दोन वर्षंही लागतात. मग सरासरी सहा-सात महिन्यांनी पुन्हा. आपल्या गावठी कुत्री बऱ्याचदा वर्षातून एकदाच, पावसाळा सरता सरता माजावर येतात. भाद्रपद आणि कुत्री यांची आपल्या बोलण्यात जी सांगड आहे ती उगाच नाही. (जोडी अडकलेली दिसली की दगड मारणाऱ्यांना एक विनंती. ती अडकण नैसर्गिक असते, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुटते. ओढून सोडवलं तर दोघांनाही इजा होते.)

आता मुख्य गोष्ट. बीज सुटल्यानंतर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन चौदा दिवस नाही, सुमारे दोन महिने वर राहतं. आणि ती गाभण असो वा नसो, तितकंच राहतं. म्हणजे प्रत्येक हीटनंतर तिचं शरीर एक अख्खं गर्भारपण काढतं, पिल्लं असोत वा नसोत. म्हणूनच काही कुत्री हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी कोपऱ्यात गोधड्या ओढून घर करतात, चपला किंवा रबरी खेळणी कुशीत घेऊन बसतात, काहींना दूधही येतं. टिकली माझ्या नवऱ्याचा एक मोजा सांभाळायची. आम्ही फोटो काढायचो.

या दोन महिन्यांत गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी स्राव सोडतात, तोंड बंद होतं, आकुंचन थांबतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते, कारण शरीराला गर्भ सांभाळायचा असतो. हीटच्या दिवसांत तोंड उघडं असताना आत शिरलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलायला, याहून चांगली जागा कोणती? आणि बाईसारखं अस्तर गळून जागा साफ होत नाही. टिकलीच्या दहा-अकरा हीट झाल्या, म्हणजे दहा-अकरा वेळा हे सगळं घडलं. अस्तर दर वेळी थोडं अधिक बिघडत गेलं असणार. रजोनिवृत्तीची मी वाट पाहत होते, ती कुत्रींमध्ये नसतेच. अंतर वाढतं, पण चक्र थांबत नाही.

भरपूर पाणी पिण्याचं कोडंही सुटलं. या जंतूंच्या विषाने मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद जाते. शू पातळ आणि भरपूर होते, मग तहान. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर मागून घाण वासाचा पू दिसतो आणि मालक लवकर सावध होतात. टिकलीचं तोंड बंद होतं. बाहेर एक थेंब नाही, सगळं आत.

तिच्या पांढऱ्या पेशी बेचाळीस हजार होत्या, क्रिएटिनिन वाढलेलं. आधी चार तास सलाइन आणि अँटिबायोटिक, मग ऑपरेशन. पशुवैद्यांनी मला आत उभं राहू दिलं. मी हजारो पोटं उघडली आहेत, पण त्या दिवशी मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. भरलेलं गर्भाशय हाताळताना फुटलं तर सगळा पू पोटात. त्यांनी ते लहान बाळासारखं दोन्ही हातांवर उचलून बाहेर घेतलं. वजन केलं, तर एक किलो नऊशे ग्रॅम. टिकलीचं स्वतःचं वजन चोवीस किलो. तीन रात्री आम्ही आळीपाळीने दवाखान्यात बसलो. दुसऱ्या रात्री तिची शू कमी झाली तेव्हा मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी, भाऊबीज होऊन गेली होती, तिने सासूबाईंच्या हातचा दहीभात चाटला.

त्याच तपासणीत तिच्या मागच्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ सापडली. ती दोन महिन्यांनी, ती सावरल्यावर काढली. रिपोर्ट साधा आला. कुत्रींच्या स्तनांतल्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या कर्करोगाच्या निघतात, तेव्हा हे आमचं नशीब.

मग ऑपरेशन कधी करावं? हल्ली पेशंटच मला हे विचारतात, म्हणून सांगते. पण अंतिम निर्णय तुमच्या पशुवैद्यांचा, कारण कुत्री त्यांनी पाहिलेली असते.

पूर्ण वाढीनंतर वीस किलोच्या आत राहणाऱ्या कुत्रीचं, म्हणजे पॉमेरेनियन, पग, डॅशहाउंड वगैरेंचं, साधारण सहा महिन्यांचं वय झालं की पहिल्या हीटच्या आत करावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. मोठ्या कुत्रींचं गणित वेगळं. हाडांची टोकं जुळून उंची थांबण्यात संप्रेरकांचा हात असतो. ती फार लवकर काढली तर हाडं थोडी जास्त वाढतात आणि सांध्यांवर ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर अभ्यास प्रसिद्ध केले. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या काही मोठ्या जातींत गुडघ्याचे आणि खुब्याचे आजार जास्त दिसले, लहान जातींत तसं दिसलं नाही. वीस किलोहून जड संकरित कुत्र्यांतही तसाच कल दिसला. मोठ्या कुत्रींत फार लवकर केलेल्या ऑपरेशननंतर पुढे झोपेत शू गळण्याची शक्यताही जास्त असते. त्यावर औषधं आहेत. म्हणून अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय मार्गदर्शक सूचना मोठ्या जातींच्या मादीसाठी पाच ते पंधरा महिने असा रुंद पट्टा देतात आणि त्यात कुठे, ते डॉक्टरांवर सोडतात.

इंटरनेटवर तुम्हाला ०.५ टक्के, ८ टक्के आणि २६ टक्के असे तीन आकडे दिसतील, पहिल्या हीटच्या आधी, पहिलीनंतर आणि दुसरीनंतर ऑपरेशन केलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका म्हणून. ते १९६९ च्या एका अभ्यासातले आहेत आणि बहुतेक जण चुकीचे वाचतात. शंभरातल्या २६ कुत्रींना कर्करोग होतो असा त्यांचा अर्थ नाही. ऑपरेशन न केलेलीचा धोका १०० धरला तर त्याच्या तुलनेत इतका, असा अर्थ आहे. २०१२ मध्ये जुने अभ्यास पुन्हा तपासून पाहणाऱ्यांनी हा पुरावाच फारसा भक्कम नसल्याचं म्हटलं. तेव्हा या आकड्यांनी घाबरून चार महिन्यांच्या लॅब्राडोरला टेबलावर नेऊ नका. पायोमेट्राचं मात्र तसं नाही, तिथे ऑपरेशनचा फायदा स्पष्ट आहे.

म्हणजे टिकलीच्या बाबतीत पहिलं वर्ष थांबण्यात माझी चूक नव्हती. पहिली हीट दहाव्या महिन्यात आली. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, संप्रेरकं शांत असताना, ऑपरेशन झालं असतं तर ती अगदी योग्य वेळ होती. हीट चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. आणि खोट्या गर्भारपणाची लक्षणं असताना केलं तर ती लांबू शकतात. म्हणून मधला काळ निवडतात. माझी चूक त्या तेराव्या महिन्यानंतरची आहे. तेव्हा मी काही ठरवलंच नाही. आधी मुलाची बारावी, मग घराचं काम, मग कोविड. दर हीटला 'या वेळी झालं की करू', आणि तीन आठवड्यांनी विसरायचं.

बाळंतपणाचं म्हणाल, तर कुत्रीने आरोग्यासाठी एकदा तरी व्यायलाच हवं, याला आधार नाही. 'हीट बंद करायचं इंजेक्शन' मागणारे भेटतात. ते बहुधा प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं असतं, आणि वर सांगितलं तेच गर्भाशयात घडवतं. एका बाईंनी तर मला फोन करून विचारलं होतं की कुत्री बाहेर लागली, माणसांची तातडीची गोळी अर्धी देऊ का? देऊ नका. तेव्हा पशुवैद्यांकडे जा. नको असलेल्या गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतही ऑपरेशन करता येतं.

आणि घरात वयात आलेली, ऑपरेशन न झालेली कुत्री असेल आणि हीटनंतरच्या एक-दोन महिन्यांत ती जास्त पाणी प्यायली, जेवण टाकलं, मलूल झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सण असला तरी.

टिकली आता नऊ वर्षांची आहे. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, हे मला पशुवैद्यांनी सांगितलं होतं, सासूबाईंना पटवणं माझ्याकडे होतं. चार महिन्यांत ती सत्तावीस किलो झाली. आता दुपारची पोळी बंद आहे, निदान माझ्यासमोर. शेजारच्यांनी बीगलचं पिल्लू आणलंय, आठ महिन्यांचं. परवा सासूबाईच कुंपणावरून विचारत होत्या, "हिची तारीख लिहून ठेवता ना कुठे?"

आमच्या कालनिर्णयवर टिकलीच्या नावाने आता दोनच नोंदी असतात. एक जंताच्या औषधाची, ती सासूबाई लिहितात. दुसरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, 'गाठी तपासणे'. ती मी लिहिते.